अर्धा मेलेला मॅरँट्झ, सव्वा लाखाचा भाव आणि मडगावचा मेकॅनिक

परवा एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मॅरँट्झ 2270 विकायला आला, म्हणजे सत्तरच्या दशकातला स्टिरिओ रिसीव्हर, रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत. डायलचा निळा उजेड, जाड अ‍ॅल्युमिनियमची पाटी, फोटो एकदम झकास. भाव सव्वा लाख. आणि खाली हळूच, "डावा चॅनल बंद आहे, बाकी ओके." स्टिरिओचा एक चॅनल बंद म्हणजे बाकी काय ओके राहिलं, देव जाणे. तरी संध्याकाळपर्यंत सेट उचलला गेला आणि मग रात्रभर ग्रुपवर जुंपली. निम्मे म्हणाले ही शुद्ध लूट आहे. उरलेले म्हणाले, असला आवाज आता होणे नाही. मी तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी लूटवाल्यांना. ही यंत्रं त्या काळीही स्वस्त नव्हती. 1971च्या सुमारास हाच 2270 अमेरिकेत साडेपाचशे डॉलरच्या आसपास मिळायचा. तिथली महागाई धरली तर आजचे 4 हजार डॉलर आणि वर. आज तिथे नीट सर्व्हिस केलेला 2270 याच्या निम्म्यात मिळून जातो. म्हणजे मूळ गिऱ्हाइकाच्या मानाने आपण स्वस्तातच घेतोय. आपल्याकडे त्यावर वाहतूक, कस्टम आणि मधल्या दोन-तीन हातांचा नफा चढतो, ती गोष्ट वेगळी.

आणि तेव्हा त्या पैशात काय मिळायचं ते बघा. अमेरिकेत 1974 साली एक नियम आला. त्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट ज्याला जे सुचेल ते लिहायचा. नियमाने सांगितलं की सतत किती वॉट देतो ते लिहा, आणि मोजण्याआधी तो एक-तृतीयांश पॉवरवर तासभर चालवा. आता खोटं बोलायची सोय गेल्यावर कंपन्यांनी खरोखरच मोठे ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणारे मोठे हीटसिंक घातले, आणि मग आकड्यांची जी चढाओढ लागली ती 1978च्या पायोनियर एसएक्स-1980पर्यंत गेली. एका चॅनलला 270 वॉट, वजन 35 किलोच्या घरात. एकट्याने उचलायला गेलात तर कंबर धराल. याच्या उलट नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात आलेले प्लॅस्टिकचे डबे आठवा. वर "1000 वॉट पीएमपीओ" (क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला आकडा) असं चकचकीत स्टिकर आणि आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर.

मग असं बनवणं बंद का झालं? डॉलर स्वस्त करायला बड्या देशांनी केलेल्या 1985च्या प्लाझा करारानंतर येन भराभर वधारला, दोन-तीन वर्षांत डॉलरच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाला. जपानहून निर्यात होणाऱ्या मालातलं तांबं-लोखंड कमी करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पुढे होम थिएटर आलं आणि पूर्वी दोन चॅनलवर खर्च व्हायचे तेच पैसे पाच-सहा चॅनलमध्ये वाटले गेले.

तीच चीज आज नव्याने करायची तर काय पडते, याचा पुरावाही समोर आहे. टेक्निक्सचा एसएल-1200 हा टर्नटेबल 1972 साली आला, 2010 साली बंद केला, आणि रेकॉर्डचे दिवस परत आले म्हणून 2016 साली पुन्हा काढला. किंमत 4 हजार डॉलर! लोकांनी बोटं मोडली, पण त्यानंतर त्याच्याच जुन्या एमके2 मॉडेलचा भाव कुणाला खटकेनासा झाला. 2020 साली तर अमेरिकेत रेकॉर्डच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, 1986नंतर पहिल्यांदाच. रेकॉर्ड वाजवायला काहीतरी लागणारच.

(आमच्याकडे गोव्यात मात्र टेक्निक्स शोधत फिरू नका. हणजुणेच्या पार्ट्यांत डीजे लोक रेकॉर्डपेक्षा कॅसेट आणि डॅट या डिजिटल टेपवर जास्त विसंबायचे, कारण त्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकड्या होतात. माळ्यावर सापडेल तो कॅसेट डेक.)

आता "असला आवाज होणे नाही" म्हणणाऱ्यांना. होतो हो. गोंगाट, विकृती असल्या मोजमापांत आजचा एखादा बेताच्या किमतीचा चिनी क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर सत्तरच्या दशकातल्या भल्याभल्यांना मागे टाकतो. जुना सेट कानाला गोड लागतो, मलाही लागतो, पण भाव त्या गोडीवर ठरत नाही. यामाहाचा एनएस-10 घ्या. 1978चा स्पीकर, पांढरा कोन (म्हणजे आवाज काढणारा कागदी शंकू), जगभरच्या स्टुडिओंत दिसायचा. त्याला कुणी गोड म्हटलं नाही. उलट यावर बरं वाजलं तर कशावरही बरं वाजेल, म्हणून तो ठेवायचे. कोनसाठी लागणारा लगदा मिळेना म्हणून 2001 साली उत्पादन बंद झालं आणि त्यानंतर भाव चढत गेला.

माझ्या मते पैसे मोजायचे ते एकाच गोष्टीचे. हा सेट उघडता येतो. चार स्क्रू काढले की आतला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, सोल्डर काढून बदलता येतो, आणि सर्किटचा नकाशा मिळतो. आजच्या ब्लूटूथ स्पीकरचं अ‍ॅप कंपनीने बंद केलं की तो शोभेचा. पन्नास वर्षांपूर्वीचा सेट आणखी वीस वर्षं चालवता येतो, पण चालवणारा पाहिजे. घोडं तिथेच पेंड खातं.

मडगावात आमचा एक मेकॅनिक आहे. नाव लिहीत नाही, आधीच त्याच्याकडे रांग आहे. आलेला सेट तो कधीच सरळ प्लगमध्ये घालत नाही. टेबलावर सिरीज बोर्ड आहे, त्यात 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब. सेट त्यातून लावायचा. बल्ब भक्कन पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पेटून हळूहळू मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. मग मल्टिमीटर घेऊन आउटपुट ट्रान्झिस्टरचा बायस (आवाज नसतानाही त्यातून वाहणारा प्रवाह) बघणार, फुगलेले कंडेन्सर खुणेने दाखवणार, व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (बटणामागच्या फिरत्या भागात) क्लीनर मारून तो खरखर थांबेपर्यंत शांतपणे फिरवत बसणार. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच सेटमध्ये सान्योची एसटीके आयसी असते, आवाज मोठा करणारं सर्किट एकाच ठोकळ्यात. ती आता बनत नाही, आणि बाजारात मिळते ती बहुतेक नकली. त्याच्याकडे मेलेल्या सेटमधून काढलेल्या अस्सल आयसींचा एक डबा आहे, त्याला तो कुणाला हात लावू देत नाही. एकदा मी विचारलं, मुलगा शिकला का हे? हसला. "तो मोबाईल दुरुस्त करता बाब. थंय पैसो आसा." आणि चूक काय आहे त्यात? दोन दिवस खपून सेट उभा केल्यावर हजार-दीड हजार सांगितले की गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करतं. तोच सेट नंतर मुंबई-बंगळूरला 80 हजारांना जातो.

आमच्या गोव्यात हे सेट आलेच कसे, तेही सांगतो. 1961पूर्वी सीमेपलीकडे भारतात परवान्याशिवाय परदेशी वस्तू मिळत नव्हती, आणि इकडे खाणींचा पैसा होता. लोखंडाची माती जपानला, जर्मनीला जायची आणि दुकानांत ग्रुंडिग, टेलिफुंकेन, फिलिप्स मांडलेले असायचे. नंतर तारवटी (जहाजांवरचे खलाशी) आणि कुवेत-बहारीनला गेलेल्या लोकांनी सान्सुई, आकाई, पायोनियर आणले. सासष्टीतल्या घरांत सालात (दिवाणखान्यात) मधोमध रेडिओग्राम, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं लाकडी कपाट, तर फोंड्याच्या बाजूला नाट्यसंगीताच्या आणि गायिका केसरबाई केरकरांच्या 78 आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डच्या थप्प्या. (केरीच्या केसरबाईंची भैरवी 1977पासून व्हॉयेजर यानावर आहे. पृथ्वीवरच्या त्यांच्या रेकॉर्डना मात्र बुरशी.) आखातातून आलेले सेट 220-240 व्होल्टवर थेट चालतात, अमेरिकेच्या किंवा जपानच्या सेटसारखा वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागत नाही. त्यामुळे बाहेरचे दलाल इथल्या मालावर डोळा ठेवून असतात.

घर विकायला काढलं की भंगारवाला आधी पोचतो. रेडिओग्राम त्याला हजार-दोन हजारांत मिळतो. मग तो कुठे जातो? बार्देशातल्या एका कॅफेत मी पाहिलं, टेलिफुंकेनच्या आतलं सगळं काढून टाकलेलं आणि वर कुंडी. कपाट म्हणून वापरायचं तर सुताराकडून करून घ्या ना! ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, स्पीकर, सगळं कुणाच्या तरी उपयोगाचं होतं. भाव वाढवण्यात या सजावटवाल्यांचा वाटा मोठा आहे, आणि यांना वाजण्याशी काही देणंघेणं नाही. बंद आणि चालू सेटचा भाव सारखाच लागायला लागला तो यांच्यामुळे.

त्यातून आमची हवा. जून ते सप्टेंबर स्विचच्या पितळेवर हिरवं चढतं, स्पीकरच्या कडेचा फोम ओल्या बिस्किटासारखा बोटात येतो, रबरी बेल्टचं डांबर होतं. गोव्यात पन्नास पावसाळे काढून जो सेट वाजतोय त्याला जास्त पैसे द्यायला मी तयार आहे. काय काय बदललं ते विक्रेत्याने सांगावं, आणि मेकॅनिकचं बिल असेल तर आणखी द्यायला तयार. "वाजत नाही, पण व्हिंटेज आहे" याला मात्र सुट्या भागांचा भाव. तो 2270 माझ्या हिशेबाने 40 हजारांच्या वर एक पैसा नाही.

ज्यांच्या घरी आजोबांचा सेट चादरीखाली पडून आहे त्यांनी कौतुकाने आज रात्री लगेच प्लगमध्ये घालू नका. वर्षानुवर्षं बंद असलेला कंडेन्सर एकदम पूर्ण व्होल्टेजवर घेतला की फुटू शकतो आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही नेऊ शकतो. मागच्या प्लेटचा फोटो काढा, मॉडेल नंबर बघा, आधी मेकॅनिकला दाखवा. त्याने 3 हजार सांगितले तर 3 हजार द्या. आणि मागचं कव्हर स्वतः उघडणार असाल तर जरा जपून, आत हमखास पाल असते.