दहशतवादाच्या खटल्यात टिकण्यासाठी आरोग्याच्या काही सूचना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) किंवा मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागला तर तीही कटकट नाही, पोलिसांची गाडी थेट दारात सोडते. तेव्हा आजच बीपी-शुगर तपासून घ्या. आरोपी व्हाल, साक्षीदार की पीडित, हे आपल्या हातात नसतं. तिघांनाही लागतं ते दीर्घायुष्य.

आरोपी झालात तर जामिनाची घाई नको. यूएपीएचं कलम ४३-ड(५) सांगतं, आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. आता आरोपपत्र लिहितात पोलीस. ते प्रथमदर्शनीच खोटं वाटेल असं लिहायला ते काय खुळे आहेत? २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, जामिनाच्या टप्प्यावर पुराव्यात फार खोल शिरू नका. २०२१ मध्ये तेच न्यायालय म्हणालं, खटला फारच रेंगाळला तर जामीन देता येईल. म्हणजे आधी नीट सडून घ्या, मग अर्ज करा.

हात थरथरत असतील तर मात्र आधीच इलाज करा. एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली अटकेत असलेले ८३ वर्षांचे पाद्री आणि आदिवासींचे कार्यकर्ते फादर स्टॅन स्वामी, त्यांना पार्किन्सन (हातपाय थरथरण्याचा आजार) होता. पेला धरवत नाही म्हणून तळोजा तुरुंगातून त्यांनी स्ट्रॉ आणि सिपर मागितलं. एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) उत्तराला वीस दिवस घेतले. उत्तर होतं, आमच्याकडे नाही. ५ जुलै २०२१ रोजी उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी सुरू झाली, तेव्हा कळलं की अर्जदार त्याच दुपारी वारले.

साक्षीदारांनी बदाम खावेत. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात टॅक्सीवाल्यांनी शंभराहून जास्त दिवसांनी आपलं भाडं चेहऱ्यावरून ओळखलं! (आपल्याला कालचा रिक्षावाला आठवत नाही.) विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाला ती स्मरणशक्ती पटली नाही. शिवाय वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतला मजकूर जागोजागी सारखाच निघाला. २१ जुलै २०२५ रोजी बाराही जण निर्दोष सुटले. त्यातला एक २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने गेला होता, तोही सुटला.

दहाच दिवसांनी २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल आला. सातही निर्दोष. या खटल्यात काही मूळ जबाबच गहाळ झाले आणि झेरॉक्सवर भागवावं का, यावर वाद रंगला. तेव्हा महत्त्वाच्या कागदांच्या दोन-दोन प्रती काढून ठेवा. घरातल्या रेशनकार्डाची आपण काढतोच की.

सगळ्यात कणखर प्रकृती हवी पीडितांची. लोकलमध्ये १८० हून अधिक गेले, मालेगावात सहा. एकोणीस आणि सतरा वर्षं वाट पाहिल्यावर हाती काय, तर मालेगावच्या मृतांच्या घरच्यांना दोन-दोन लाख. ‘मग बॉम्ब ठेवला कोणी?’ असं विचारू नका, बीपी वाढतं.

आणि सुटलात म्हणून पथ्य मोडू नका. लोकलच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत स्थगिती दिली. सुटलेल्यांनी परत आत जायचं नाही, पण त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत कुणी द्यायचा नाही. म्हणजे तुम्ही सुटलात, फक्त उदाहरण म्हणून नाही. अपील बाकी आहे. सकाळचं फिरणं चालू ठेवा.