‘बॉम्ब शे, भो!’ म्हटल्यानंतरचे सहा तास

विमानात किंवा बॅग तपासताना कुणीतरी गमतीत ‘आत बॉम्ब आहे’ म्हणतो, त्याला खाली उतरवतात, विमान थांबतं, पोलीस येतात. अशी बातमी आली की गावाकडे दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, एवढ्याशा शब्दावरून माणसाला गुन्हेगार ठरवता का? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, जन्माची अद्दल घडली पाहिजे. आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये हाच वाद थेट हायकोर्टापर्यंत जाऊन आला आहे. दोन्हीकडचं पाहून आमचं मत स्पष्ट झालं आहे: विमान थांबवणं, रिकामं करणं, तपासणं यात अति काही नाही. अति होतं ते झडती संपून ‘काही नाही, नुसती चेष्टा होती’ हे कळल्यानंतर. आणि त्या भागाबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

खानदेशात सरळ उत्तर देणं कोरडेपणाचं वाटतं. ‘पिशवीमा काय शे?’ या प्रश्नाला ‘काई नई भो, बॉम्ब शे’ (‘काही नाही रे, बॉम्ब आहे’) असं उत्तर चाळीसगावच्या स्टँडवर दिलं तर कुणी वळूनही पाहणार नाही. विमानतळावर मात्र हा प्रश्न तीन-तीनदा विचारला जातो, आणि त्याला कारण आहे. एक्स-रे मशीनच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. कळण्याचं पीठ, काळा मसाला, बिबडे, शेव हे सगळं नारिंगी, आणि बहुतेक स्फोटकंही नारिंगीच. त्यात पिठाचा दाट गठ्ठा असला की बॅग उघडावीच लागते. सुकं खोबरं तर तेलकट असल्यामुळे आपोआप तापू शकणाऱ्या मालाच्या यादीत आहे, म्हणून बॅगेतून ते काढायला लावतात. आईने बांधून दिलेली पुरचुंडी तिसऱ्यांदा सोडताना माणूस वैतागतो आणि नेमकं तेव्हाच ते वाक्य तोंडातून निसटतं.

त्यानंतर काय होतं ते क्रमाने पाहू, कारण या वादातला गोंधळ बराचसा हा क्रम माहीत नसल्यामुळे आहे. समजा, हे वाक्य विमानाच्या आत, बॅग वर ठेवताना बोललं गेलं. ऐकणाऱ्या एअर होस्टेसला त्यातला सूर कळतो. हा गडी चेष्टा करतोय हेही तिला बहुधा कळतं. पण ‘चेष्टा’ असा शिक्का मारण्याचा अधिकार तिला नाही. ती केबिनच्या प्रमुखाला सांगते, प्रमुख इंटरकॉमवर कॅप्टनला, कॅप्टन कंट्रोल टॉवरला, आणि टॉवर विमानतळाच्या बॉम्ब धोका मूल्यांकन समितीला. या समितीत विमानतळ, सुरक्षा दल, पोलीस आणि विमान कंपनी यांची माणसं असतात. प्रत्येक हस्तांतरात शब्द पुढे जातात आणि सूर गळतो. चौथ्या माणसापर्यंत उरतं ते इतकंच: अमुक रांगेतल्या प्रवाशाने बॅगेत बॉम्ब असल्याचं सांगितलं.

समिती धमकीचे दोन प्रकार करते, ठोस आणि मोघम. ठोस म्हणजे जिच्यात विमान, जागा, वस्तू किंवा माणूस नेमका ओळखता येतो. इथेच विमानातली चेष्टा निनावी फोनपेक्षा वाईट ठरते. फोन करणारा कुठेतरी दूर बसलेला असतो. इथे फ्लाइट नंबर माहीत आहे, सीट माहीत आहे, बॅग डोक्यावर आहे आणि बोलणारा समोर बसला आहे. ठोस धमकीला लागणारं सगळं प्रवाशाने स्वतःच पुरवलेलं असतं.

कॅप्टनच्या बाजूनेही पाहावं. १९६३ च्या टोकियो करारानुसार संशयाला वाजवी कारण असेल तर प्रवाशाला उतरवण्याचा अधिकार कॅप्टनला आहे, आणि त्या निर्णयासाठी त्याच्यावर दावा लागत नाही. हा अधिकार काढून घ्या असं म्हणणाऱ्यांनी दरवाजे बंद झाल्यावरचा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. हवेत असं काही कळलं तर जवळच्या योग्य विमानतळाकडे वळावं लागतं. एअरबस ए-३२० किंवा बोईंग ७३७ ला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नाही; घिरट्या घालून ते जाळायचं, नाहीतर जड वजनाने उतरायचं. जड उतरलं की इंजिनिअरांनी तपासणी केल्याशिवाय ते पुन्हा उडत नाही. उतरल्यावर विमान मुख्य इमारतीपासून दूर एकट्या जागी उभं करतात, माणसं उतरवतात, प्रत्येकाला आपापली बॅग ओळखायला लावतात, मग सीट, शौचालयं, जेवणाच्या ट्रॉल्या, पोटातला माल. एवढ्यात कर्मचाऱ्यांचे ड्युटीचे तास संपले की दुसरे कर्मचारी येईपर्यंत सगळे बसून.

१४ ऑगस्ट २०२२ रोजी मंगळूरहून मुंबईला निघालेलं विमान असंच सुमारे सहा तास अडकलं होतं. एक प्रवासी फोनवर मैत्रिणीशी सुरक्षेवरून थट्टेत चॅट करत होता, ते शेजारच्या बाईला दिसलं, तिने कर्मचाऱ्यांना सांगितलं. १८५ प्रवाशांची आणि त्यांच्या सामानाची पुन्हा तपासणी झाली. जळगावसारख्या ठिकाणी याचा फटका आणखी मोठा. तिथे फ्लाय-९१ ची सत्तरेक सीटांची एटीआर विमानं येतात, आणि अशा छोट्या कंपनीचं एकच विमान दिवसभरात गोवा, हैदराबाद, पुणे, जळगाव असं फिरत असतं. ते एका ठिकाणी अडकलं की पुढच्या गावांतली माणसंही अडकतात.

तरीही ‘बॉम्ब नव्हताच, मग एवढं कशाला’ असं वाटत असेल, तर पाचोऱ्याजवळचा २२ जानेवारी २०२५ चा दिवस आठवावा. लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसच्या डब्यात आग लागल्याची बातमी पसरली. कुणी साखळी ओढली, गाडी थांबली, माणसं भीतीने शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. किमान १२ माणसं गेली. आग नव्हतीच. तिथे कुणी चेष्टा केली नव्हती, ती अफवा होती. पण बंद डब्यातल्या माणसांना खोटा शब्द काय करू शकतो हे आपल्या जळगाव जिल्ह्याने पाहिलं आहे. विमानाच्या कर्मचाऱ्यांना बॉम्बइतकीच भीती या पळापळीची असते: कुणी आपत्कालीन दार उघडतो, घसरगुंडीवरून उड्या पडतात, हातपाय मोडतात. म्हणून त्या शब्दानंतर त्या एका प्रवाशाला शांतपणे वेगळं काढणं हे पहिलं काम, आणि ते योग्यच आहे.

मात्र संशय येण्यालाही मर्यादा हवी. २०१६ मध्ये अमेरिकेत एका विद्यार्थ्याला फोनवर अरबी बोलल्यामुळे विमानातून उतरवलं. त्याच वर्षी गणिताची समीकरणं लिहीत बसलेल्या इटालियन अर्थशास्त्रज्ञाचा शेजारणीला संशय आला आणि विमान थांबलं. यांनी तर चेष्टाही केली नव्हती. सावळा रंग आणि शेजाऱ्याला न कळणारी भाषा घेऊन फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लांबची वाटायला नको. म्हणून मंगळूरच्या प्रसंगात आमचं मत वेगळं पडतं. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावून वाचलेला खासगी संवाद आणि एअर होस्टेसला तोंडावर दिलेलं उत्तर यांना एकाच तराजूत तोलू नये. विमान दोन्ही वेळा तपासा. दोष मात्र सारखा नाही.

आता झडतीनंतरचा भाग. जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडमधल्या डॉनकास्टरजवळचं रॉबिन हूड विमानतळ बर्फामुळे बंद पडलं. एका तरुणाने वैतागून ट्विटरवर लिहिलं की आठवड्याभरात सुरू करा, नाहीतर विमानतळ उडवून देईन. विमानतळाच्या लोकांनी ते काही दिवसांनी वाचलं आणि ‘विश्वासार्ह नाही’ असा शेरा मारला. तरी पद्धत म्हणून ते पोलिसांकडे गेलं. त्याला अटक झाली, दोषी ठरवलं, ३८५ पौंड दंड आणि वर खर्च बसला, नोकरी गेली. जुलै २०१२ मध्ये हायकोर्टाने ती शिक्षा रद्द केली. ज्या मजकुराने वाचणाऱ्याला भीती वाटत नाही तो धमकीचा मजकूर नव्हे, असा त्याचा आशय. धोका नाही हे जाणकारांनी सुरुवातीलाच कागदावर लिहिलं होतं. न्यायालयाला तेच म्हणायला अडीच वर्षं लागली.

दुसरं प्रकरण भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याचं. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या गॅटविकहून स्पेनच्या मेनोर्का बेटावर जाताना त्याने मित्रांच्या खासगी गटात आपण तालिबानचे असून विमान उडवायला निघालोय, असं लिहिलं. स्पेनने लढाऊ विमान पाठवलं. खटल्यात २२,५०० युरो दंड आणि लढाऊ विमानाचे ९५,००० युरो मागितले. जानेवारी २०२४ मध्ये माद्रिदच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. लढाऊ विमान पाठवण्यात चूक नव्हती. चूक होती ती सत्य कळल्यावरही त्या पोराला दीड वर्ष टांगून ठेवण्यात.

इंग्लंडचा १९७७ चा कायदा या बाबतीत नेमका आहे. बॉम्बची खोटी खबर दिल्याबद्दल सात वर्षांपर्यंत कैद, पण ऐकणाऱ्याला ती खरी वाटावी असा बोलणाऱ्याचा हेतू असला पाहिजे. आपल्याकडचा १९८२ चा विमान सुरक्षेचा कायदा जन्मठेपेपर्यंत जातो. तो जाणूनबुजून खोटी माहिती देऊन उडत्या विमानाला धोका निर्माण करणाऱ्यासाठी आहे, आणि विमान ‘उडतं’ धरलं जातं ते बाहेरची सगळी दारं बंद झाल्यापासून. ऑक्टोबर २०२४ मध्ये निनावी खात्यांवरून शेकडो विमानांना धमक्या आल्या. १५ तारखेला दिल्लीहून शिकागोला निघालेलं विमान कॅनडातल्या इक्वालुइटसारख्या बर्फाळ गावी उतरवावं लागलं. त्यानंतर धमकी देणारं खातं कुणाचं, निनावी आहे का, हेही तपासायचं ठरलं, आणि कायदे कडक करण्याची मागणी वाढली. तो राग रास्त होता. पण रात्री खोटी नावं घेऊन धमक्या टाकणारा आणि खिडकीच्या सीटवर बसून बावळट विनोद करणारा यांना एकाच कलमाखाली बसवणं रास्त नाही.

एका बाबतीत मात्र आपला नियम इथल्यापेक्षा चांगला आहे, हे अभिमानाने सांगतो. मार्च २०१७ मध्ये खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं. त्या प्रकरणानंतर त्याच वर्षी विमानबंदीचे नियम आले. त्यांत तीन पायऱ्या आहेत: शाब्दिक गैरवर्तनाला तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर जाण्याला सहा महिन्यांपर्यंत, जीव धोक्यात घालण्याला किमान दोन वर्षं. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ३० दिवसांत द्यायचा, आणि त्याविरुद्ध अपीलही करता येतं. ब्रिटनमध्ये कंपनीला वाटलं की बंदी, असाच मामला आहे. पण २०२० मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी विमानात पत्रकार अर्णब गोस्वामी यांना डिवचलं, तेव्हा समिती बसण्याआधीच इंडिगोने सहा महिन्यांची बंदी जाहीर केली, आणि ज्यांच्या विमानात काहीच घडलं नव्हतं त्या कंपन्यांनीही तिची री ओढली. नंतर समितीने बंदी तीन महिन्यांवर आणली. चांगला नियम असून तो पाळला गेला नाही, याचं वाईट वाटतं.

आणि बंदी ही तुलनेने हलकी शिक्षा. खरी शिक्षा गुन्हा नोंदवला गेल्यावर सुरू होते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार फौजदारी खटला प्रलंबित असला तर पासपोर्ट नाकारता येतो. मग न्यायालयाची परवानगी आणा, ती मिळेपर्यंत थांबा. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न असतोच, आणि सुटलात तरी उत्तर ‘हो’ असंच लिहावं लागतं. शिरपूर-अमळनेरहून शिकायला बाहेर पडणाऱ्या पोराची दोन-चार वर्षं यात सहज जातात. बोलला चार शब्द.

कंपनीचा वेळ आणि इंधन वाया गेलं, तर त्या खर्चातला वाजवी वाटा दिवाणी मार्गाने वसूल करा. अमेरिकेत खोट्या माहितीसाठी दिवाणी दंड आणि फौजदारी गुन्हा वेगवेगळे आहेत, तसं आपल्याकडेही असावं. समितीने पहिल्या पायरीची बंदी द्यावी. फौजदारी कलम मात्र फसवण्याचा हेतू दिसला तरच.

हेतू ठरवायचा तर मूळ वाक्य हातात हवं. आज तक्रारीत ‘प्रवाशाने बॉम्ब असल्याचं म्हटलं’ एवढंच उतरतं, तेही हिंदी-इंग्रजीत. तक्रारीच्या कागदावर एक रकाना असा हवा, की ज्यात बोललेलं वाक्य बोलल्या भाषेत, जसंच्या तसं लिहिलं जाईल. कोणत्या प्रश्नाचं ते उत्तर होतं आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटलं का, हेही तिथेच, त्याच्या सहीसह. ‘काई नई भो, बॉम्ब शे’ यातला ‘काई नई’ सध्या कुणी लिहून घेत नाही.