‘मग देवाला कोणी केलं?’ एवढ्यावर भागत नाही

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, तेव्हा मीही आडपडदा ठेवत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘प्रत्येक गोष्टीला कारण हवं, तर देवाला कोणी केलं?’ या एका प्रश्नात आदिकारणाचा युक्तिवाद (जगाला एक पहिलं कारण हवं, आणि ते म्हणजे देव) निकालात निघतो. त्यावर एवढा लांबलचक लेख म्हणजे आस्तिकांची वकिली. शिवाय बिग बँगनंतर हा वाद शिळाच झाला.

पण ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असं त्या बाजूचा जाणकार म्हणतच नाही. मध्ययुगीन मुस्लिम विचारवंत अल-गझाली म्हणतो, ज्याला आरंभ आहे त्याला कारण हवं. आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणतात, पृथ्वी, अंकुर ही ‘कार्यं’, म्हणजे उत्पन्न झालेल्या गोष्टी, आहेत, म्हणून घटासारखा त्यांनाही कर्ता हवा. ईश्वर त्यांच्या लेखी कार्यच नाही. तुमचा बाण त्यांच्या अंगणातसुद्धा पडत नाही.

खरा घाव सातव्या शतकात बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने घातला. घडा कुंभार करतो हे आपण पाहिलेलं असतं, म्हणून नवा घडा दिसला की त्यामागे कुंभार धरता येतो. पण घड्याला रचना आहे आणि डोंगरालाही ‘रचना’ म्हणता येतं, एवढ्यावर डोंगराला कर्ता कसा चिकटवायचा? धूर पांढुरका असतो म्हणून दिसेल त्या पांढुरक्या वस्तूवरून आग आहे असं ठरवायचं का? आणि वारूळही मातीचंच, मग तेही कुंभाराने घडवलं म्हणा! (स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचा याच वळणाचा ग्रंथ 1779 चा. आपल्या वादांत त्याचं नाव येतं, धर्मकीर्तीचं क्वचितच.)

मीमांसक कुमारिल भट्ट तर वेद मानणारा, तरी जग ईश्वराने केलं या मताला त्याचा विरोध. कर्त्याला शरीर नसेल तर इच्छा कुठून, आणि असेल तर ते शरीर कोणी केलं? तुमच्या प्रश्नाला धार हवी असेल तर ती इथे आहे. नैयायिक उदयनाचं यावरचं उत्तर असं की कर्ता म्हणजे ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न. शरीर अनिवार्य नाही. मला ते पटत नाही. अनुमान उभं आहे पाहिलेल्या कुंभारावर, आणि बिनशरीराचा कुंभार कोणी पाहिलाय?

बिग बँगचं म्हणाल तर 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी तो सिद्धांत निर्मात्याच्या बाजूने वापरला होता. तो मांडणारे शास्त्रज्ञ लमेत्र स्वतः पाद्री, पण त्यांनाच ही सांगड रुचली नाही. विश्वाच्या वयाचा 1380 कोटी वर्षांचा आकडा इथे कुणाच्याच कामाचा नाही.

तुमची अडचण खरी होते ती मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनसपाशी. जगाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध होत नाही, असं तो स्वतःच सांगतो. त्याचा मुद्दा आत्ताचा आहे: काठी हलते कारण हात ती हलवतो. ही साखळी भूतकाळात जात नाही. या क्षणी ती कशावर तरी टेकलेली हवी. भूतकाळ अनंत मानला तरी हा मुद्दा शाबूत राहतो.

1948 मध्ये बीबीसीवर पाद्री-तत्त्वज्ञ कोपल्स्टनशी वाद घालताना ईश्वर न मानणारा तत्त्वज्ञ रसेल म्हणाला, प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असलीच पाहिजे असं नाही. सुटे दुवे आणि अख्खी साखळी यांत गल्लत करू नका, एवढाच त्याचा अर्थ. मी त्याच्या बाजूचा आहे. पण विश्व आहे, बस्स, हे त्याचं पुढचं म्हणणं मी उत्तर मानत नाही. तो विचारायचं थांबवायचा निर्णय आहे. कोपल्स्टन ईश्वरापाशी थांबतो, रसेल विश्वापाशी. रसेलचा थांबा एक वस्तू कमी मागतो, म्हणून मला तो बरा वाटतो. कोपल्स्टन याला पळवाट म्हणेल, आणि त्याला खोडून काढील असं तुमच्या प्रतिक्रियेत तरी काही सापडलं नाही.