‘रेफरेंडम म्हणजे नुसता सल्ला होता’ हे मला का पटत नाही

ब्रेक्झिटचा विषय निघाला की आपल्या लोकांच्या ग्रुप्सवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये (ईयू) राहायचं की बाहेर पडायचं यावरचं २०१६ चं रेफरेंडम, म्हणजे सार्वमत, नुसता सल्ला होता, बाहेर पडा म्हणणारे एकूण मतदारांपैकी जेमतेम ३७ टक्के होते, तेही खोटं ऐकून भुललेले, म्हणून खासदारांनी तो निकाल केराच्या टोपलीत टाकायला हवा होता. मी ब्रिटनमध्ये राहते आणि मी रिमेनला (ईयूत राहण्याला) मत दिलं होतं (भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून आपल्याला मत होतं, शेजारच्या पोलिश कुटुंबाला नव्हतं, हे मला आजही खुपतं). निकाल लागला तेव्हा खूप वाईट वाटलं. तरीही हा मेसेज चुकीचा आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी ‘नुसता सल्ला’ बघू. कायद्याच्या भाषेत ते खरंय, रेफरेंडमच्या २०१५ च्या कायद्यात निकाल बंधनकारक आहे असं कुठेही नव्हतं, आणि जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला की संसदेने कायदा केल्याशिवाय सरकारला कलम ५० (ईयूतून बाहेर पडण्याची अधिकृत प्रक्रिया सुरू करणारं कलम) वापरता येणार नाही. पण मतदारांना काय सांगितलं होतं ते पण बघा ना. मतदानाच्या आधी एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी एक पत्रक पाठवलं, ९० लाख पौंडांच्या वर खर्च करून, सगळा मजकूर ईयूमध्ये राहण्याच्या बाजूचा, आणि त्यातच स्पष्ट लिहिलेलं की हा निर्णय तुमचा आहे, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. आम्ही विचार करू, बघू, असलं काही नाही. रेफरेंडमच्या विधेयकाला दुसऱ्या वाचनात ५४४ खासदारांनी हो म्हटलं होतं, नाही म्हणणारे फक्त ५३. स्वतःच विचारायचं, शब्द द्यायचा, आणि उत्तर आवडलं नाही की कायद्याचा कीस काढायचा, हे कुठल्या तोंडाने करणार?

मग ३७ टक्के. लीव्हला (बाहेर पडण्याला) १ कोटी ७४ लाख मतं, रिमेनला १ कोटी ६१ लाख, मतदान ७२ टक्के. जे घरी बसले त्यांची मतं आपल्या खात्यात धरायची हा हिशोबच मुळात चुकीचा. आणि खरंच मोठं बहुमत हवं असेल तर ती अट आधी घालायची असते. १९७९ ला स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र विधिमंडळाच्या रेफरेंडमला तशी घातली होती, एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा म्हणून, तिथे ५१.६ टक्के मतं होकाराची पडूनही प्रस्ताव बारगळला, कारण एकूण मतदारांच्या हिशोबात तो आकडा ३३ टक्क्यांच्या आसपासच होता. २०१६ ला अशी कुठलीच अट नव्हती. उलट वेल्सचं बघा, १९९७ मध्ये स्वतंत्र विधिमंडळाच्या बाजूने ५०.३ टक्के, फरक अवघा ६,७२१ मतांचा, एकूण मतदारांचा जेमतेम चौथा हिस्सा, तरी ते विधिमंडळ झालं आणि आजही चालू आहे. त्याला कोणी बेकायदा म्हणत नाही.

आणि एवढं लांब कशाला, आपलं गोवा आहेच की. १६ जानेवारी १९६७, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. गोव्यातली घरंच्या घरं दुभंगली होती त्या प्रश्नावर. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) विलीनीकरणाच्याच मुद्द्यावर उभा राहिलेला, आणि काही आठवड्यांत झालेल्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा सत्तेत आला, भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. पण गोवा गोवाच राहिलं. कित्येक मराठीप्रेमींच्या मनाला तो निकाल लागला असेल, मला समजतं ते, पण तो मानला गेला हे योग्यच झालं.

खोट्या प्रचाराचं म्हणाल तर लीव्हवाल्यांच्या प्रचाराच्या बसवरचा, ब्रिटन ईयूला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतं हा आकडा दिशाभूल करणाराच होता, आणि सरकारी सांख्यिकी प्राधिकरणाने ते मतदानाच्या आधीच जाहीर सांगितलं होतं. पण रिमेनवाल्या सरकारनेही लीव्ह जिंकलं की लगेच मंदी येईल, पाच लाख नोकऱ्या जातील असं घाबरवलं होतं, तेही झालं नाही. मला त्या बसपेक्षा गंभीर वाटते ती गोष्ट म्हणजे लीव्हच्या अधिकृत प्रचारसंस्थेने, ‘व्होट लीव्ह’ने, खर्चाची मर्यादा ओलांडली आणि निवडणूक आयोगाने त्यांना २०१८ मध्ये ६१ हजार पौंडांचा दंड केला. दंड अजून कडक हवा होता, नियमही कडक हवेत. पण तेवढ्यावरून पावणेदोन कोटी लोकांचं मत पुसून टाकायचं, हे नाही पटत.

स्कॉटलंडने ६२ टक्के रिमेन दिलं हे खरंय, पण मतमोजणी देशाची होती, प्रांतांची नव्हती. ईयूत राहणाऱ्या आयर्लंडला लागून असलेल्या उत्तर आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न मात्र खरंच वेगळा आणि नाजूक होता, त्याकडे लीव्हवाल्यांनी केलेलं दुर्लक्ष अक्षम्य आहे.

निकाल मानायचा म्हणजे नेमकं काय मानायचं, हा त्या मेसेजमधून पूर्ण सुटलेला भाग. मतपत्रिकेवर फक्त दोन पर्याय होते, राहायचं की बाहेर पडायचं. सिंगल मार्केट (ईयूची एकसंध बाजारपेठ), कस्टम्स युनियन (आपसात जकात नाही, बाहेरच्यांना सगळ्यांची एकच जकात) यांचा तिथे उल्लेखही नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी दोन्हीतून बाहेर पडायचं जाहीर केलं ते त्यांनी ठरवलं, जनतेने नाही. म्हणजे मऊ ब्रेक्झिटला, बाहेर पडूनही ईयूशी जवळचं नातं ठेवायला, पूर्ण जागा होती. १ एप्रिल २०१९ ला संसदेत हुजूर पक्षाचे खासदार केन क्लार्क यांचा कस्टम्स युनियनचा प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा पडला, फक्त तीन मतांनी! क्लार्क स्वतः कट्टर ईयूवाले, तरी त्यांनी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला, आणि दुसरं रेफरेंडम किंवा सगळंच रद्द हवं असणाऱ्या बऱ्याच खासदारांनी त्याला मत दिलं नाही. त्या रात्री मला जो राग आला तो आमच्याच बाजूच्या लोकांचा. डिसेंबरातल्या सार्वत्रिक निवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट्स हा पक्ष ‘ब्रेक्झिट रद्द’ म्हणत लढला तर ११ जागा मिळाल्या, त्याच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःच्या मतदारसंघात हरल्या, आणि आम्हाला मिळालं ते बोरिस जॉन्सन यांचं कडक ब्रेक्झिट.

पुन्हा विचारूच नये असं मी म्हणत नाहीये. वेल्सने १९७९ मध्ये विधिमंडळ साफ नाकारलं होतं, तो नकार पाळला गेला आणि १८ वर्षांनी, सरकार बदलल्यावर, पुन्हा विचारलं. ईयूत परत जायचं असेल तर कुठल्यातरी पक्षाने ते जाहीरनाम्यात लिहावं, निवडून यावं, रेफरेंडम घ्यावं, आणि या वेळी अटी आणि पर्याय आधी छापून द्यावेत. मी परत रिमेनवाल्यांच्याच बाजूने मत देईन.