थिजणे म्हणजे भित्रेपणा नव्हे

सप्रेम नमस्कार. संकटात माणूस थिजतो तो सराव नसल्यामुळे, अशा आशयाच्या माझ्या लेखावर ‘संकटात थिजतो तो भित्रा, ज्याच्या अंगात धमक असते त्याला सराव लागत नाही, आणि तुमच्या लेखाने पळपुट्यांना आयती सबब मिळाली,’ असे आपण लिहिले आहे. आपण हे कळकळीने लिहिले आहे, तरी मला ते पटत नाही.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरील विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या विमानातले कित्येक प्रवासी टक्कर होऊनही जिवंत होते, पण आग भडकत असताना ते जागेवरच बसून राहिले, असे वाचलेल्यांनी सांगितले आहे. एका वयस्क गृहस्थांनी विमान सुटण्यापूर्वीच बाहेर पडायची दारे हेरून पत्नीलाही दाखवली होती. टक्कर झाल्यावर ती सुन्न बसली, तेव्हा ‘माझ्या मागे ये’ असे ओरडून त्यांनी तिला उठवले. निघताना तिला दिसलेली तिची मैत्रीण मांडीवर हात ठेवून नुसती समोर पाहत बसली होती. तिला भित्री म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन लीच यांनी याची उकल केली आहे. आधी कधी केलेली कृती मेंदू क्षणार्धात बाहेर काढतो. तशी काहीच शिदोरी नसेल, तर ती नव्याने जुळवायला जे सेकंद लागतात, ते संकटात मिळत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेगडीच्या रबरी नळीने पेट घेतला, तेव्हा मी हातात उलथने धरून पाहत उभी राहिले, आणि जाऊबाईंनी वाकून रेग्युलेटर बंद केला. त्या माझ्याहून धीट आहेत असे नाही. रोज रात्री झोपण्यापूर्वी तो बंद करायचे काम त्यांचे असल्यामुळे त्यांच्या हाताला ती जागा पाठ होती.

आपल्याकडची ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचे याची रंगीत तालीम, हा फोटोपुरता देखावा, हे आपले म्हणणे मात्र बव्हंशी खरे आहे. म्हणूनच मी घरातल्या प्रत्येकाला रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करायला लावते. सासूबाईंच्या बोटांना रेग्युलेटरचा खटका फिरत नाही, हे त्यातूनच कळले. त्यामुळे त्यांनी लगेच ओट्यापासून दूर होऊन मोठ्याने माझे नाव घेऊन हाक मारायची, असे आम्ही ठरवले आहे, आणि तीही त्यांनी दोनदा मारून पाहिली आहे.