दुसऱ्या मतात वेळ जातो, की लपवाछपवीत?

सप्रेम नमस्कार,

लहान मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेपूर्वी पालकांनी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे, या माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की अशा सल्ल्याने पालकांच्या मनात संशय शिरतो, ते या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरत राहतात आणि त्यात बाळाचा वेळ जातो. शिवाय ही चैन पैसेवाल्यांनाच परवडते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये मोठे छिद्र असलेले बाळ घरच्यांनी फिरवत ठेवले आणि शेवटी शस्त्रक्रियाच करता येईना, हे उदाहरण आपण बालहृदयरोग विभागातील अनुभवातून दिले आहे.

ते उदाहरण मला मान्य आहे, इतकेच नव्हे, तर ते प्रत्येक पालकाला उलगडून सांगायला हवे. छिद्र मोठे असले की रक्ताचा जादा लोंढा फुप्फुसांत जातो, बाळाला धाप लागते, दूध ओढताना कपाळावर घाम येतो आणि वजन काही केल्या वाढत नाही. पुढे त्या माऱ्याने फुप्फुसांतील रक्तवाहिन्या जाड होतात, तिथला दाब चढतो, लोंढा कमी होतो आणि धापही कमी होते. घरचे म्हणतात, ‘औषधाने गुण आला’, आणि नेमक्या त्याच सुमारास शस्त्रक्रियेची संधी निसटत असते. म्हणूनच अशा बाळाची शस्त्रक्रिया सहसा पहिल्या वर्षाच्या आत उरकतात. महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या जागांची जन्मतःच अदलाबदल झाली असेल, तर हाती फक्त पहिले काही आठवडे असतात; तिथे दुसऱ्या मतासाठी गाव बदला, असे मी कोणालाही सांगणार नाही.

परंतु ‘हृदयाला होल आहे’ एवढ्या एका वाक्यात कितीतरी वेगवेगळे आजार दडलेले असतात. वरच्या कप्प्यांमधील छिद्रासाठी बहुतेक वेळा मूल तीन-चार वर्षांचे होईपर्यंत थांबता येते, आणि कडा पुरेशा असतील तर छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालूनही ते बंद करता येते. खालच्या पडद्याच्या स्नायूतील बारीक छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. तेवढ्याच आकाराचे छिद्र महाधमनीच्या झडपेला लागून असेल, तर मात्र झडप त्यात ओढली जाऊन गळू लागू शकते आणि मग बाळ दिसायला ठणठणीत असतानाही शस्त्रक्रिया करावी लागते. छिद्र कुठे आहे, केवढे आहे आणि फुप्फुसांतला दाब किती, हे मुख्यतः टूडी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, ठरते. आणि रडून हातपाय झाडणाऱ्या बाळाचा, मोठ्या माणसांची हृदये पाहण्याची सवय असलेल्या डॉक्टरांनी केलेला इको अपुरा राहू शकतो. तो बालहृदयरोगतज्ज्ञाने पुन्हा पाहणे, यात अविश्वास कसला?

वेळ जातो तो दुसरीकडेच. ‘साहेब रागावतील’ या भीतीने पालक पहिल्या डॉक्टरांना काही सांगत नाहीत, फाईल मागत नाहीत आणि मोबाईलवर काढलेला रिपोर्टचा फोटो घेऊन दुसऱ्या दारात उभे राहतात. त्या फोटोत ट्यूबलाईटची तिरीप नेमकी मिलिमीटरच्या आकड्यावर पडलेली असते. फोटो स्वच्छ असला तरी कागदावर येतो तो फक्त निष्कर्ष. हलती चित्रे यंत्रातच राहतात. मग झोपेचे औषध देऊन पुन्हा इको, पुन्हा रक्त, पुन्हा नवी तारीख. त्याऐवजी इकोच्या क्लिप पेनड्राइव्हवर दिल्या, तर बाळाला न हलवताही दुसऱ्या शहरातील तज्ज्ञ त्या पाहू शकतात. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार मागणी केल्यावर 72 तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात, हे पालकांना कोणी सांगत नाही. माझे पालकांना सांगणे एवढेच, की मिळालेली तारीख सोडू नका आणि डॉक्टरांना समोरासमोर विचारा: ‘आमच्या हाती किती दिवस आहेत? तेवढ्यात हे आणखी एकांना दाखवले तर चालेल का?’

मनासारखे उत्तर मिळेपर्यंत फिरत राहणे याला मी दुसरे मत म्हणतच नाही. दोन मते जुळली नाहीत, तर तिसरे गाठून बहुमत काढण्यापेक्षा त्या दोन डॉक्टरांनाच एकमेकांशी बोलण्याची विनंती करावी.

पैशाचा आपला मुद्दा मात्र गंभीर आहे. अंगणवाडीतील तपासणीत सापडलेले आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होणारे मूल घ्या. योजनेची मंजुरी एका रुग्णालयातर्फे मागितलेली असते. रुग्णालय बदलले की कागदपत्रांचा फेरा पुन्हा सुरू होतो आणि बापाचा रोज बुडतो तो वेगळाच. अशा कुटुंबाने मूल हलवू नये, क्लिप पाठवाव्यात. पण त्या मागायच्या कोणाकडे, हेच त्यांना ठाऊक नसते, आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, विचारणा केली तरी तो विभागाकडेच बोट दाखवणार. आपण अशा विभागात काम केले आहे, म्हणून विचारतो: पालकांनी क्लिप मागितल्यावर आपल्याकडे त्या किती दिवसांत मिळत, आणि अडवणूक होत असे ती नेमकी कोणत्या टेबलावर? आपण हे लिहिलेत, तर मूळ लेखात त्याची भर घालीन.