फोन बंद करून कोकणात जाताय? मग एवढी तयारी कराच

चार दिवस फोनला हात लावायचा नाही असं ठरलंच असेल, तर आधी ते जगजाहीर करा. गुपचूप बंद करून निघालात तर कुणाला कळणार? ‘चार दिवस संपर्काबाहेर’ असं स्टेटस टाका, कुणी कुणी पाहिलं ते तासातासाला तपासा, मग गाडी काढा. लातूरकडून वाट सरळ आहे: तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आणि आंबा घाट उतरला की कोकण. शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चार्जर तीन.

निघताना शेताचा विचार मनात आणू नका. मोटरच्या मोबाइल स्टार्टरला, म्हणजे फोन लावून मोटर चालू करणाऱ्या पेटीला, तुमचाच नंबर नोंदवलेला आहे. भावाचा किंवा सालगड्याचा नंबर त्यात टाकायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ते काम राहू द्या. लाइटची पाळी रात्रीची असेल तर सोन्याहून पिवळं. हरभऱ्याला पाणी द्यायचंय, स्टार्टर परक्या नंबरला दाद देत नाही, आणि तुम्ही तिकडे ‘डिजिटल उपवास’ धरलेला. भाऊ बॅटरी घेऊन विहिरीवर जाईल आणि हिरवं बटण हाताने दाबेल. उपवास तुमचा, जागरण त्याचं.

गाव मुद्दाम रेंज नसलेलं निवडा आणि पोचल्या पोचल्या घरमालकाला विचारा, “काका, वायफाय आहे का?” वाडी डोंगराच्या पायथ्याशी, टॉवर पलीकडे, मध्ये अख्खा डोंगर आडवा. काका सांगतील, “सड्यावर जा, तिथे एक-दोन काड्या येतात.” सडा म्हणजे वरचं जांभ्या दगडाचं पठार. दुपारी बाराला चढा, दगड चांगला तापलेला असतो.

खाली असताना फोन विमान मोडवर टाकू नका. रेंज नसली की फोन टॉवर शोधत बसतो आणि त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त ताकद लावतो, त्यामुळे न वापरताही बॅटरी भराभर उतरते. मग पॉवर बँक काढा. तिच्यावरचा १०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. त्याचे ५ व्होल्ट करताना, वर थोडी गळती धरून, हाती सहा-साडेसहा हजार येतात. म्हणजे ५,००० च्या फोनला सव्वा वेळा. ते संपलं आणि लाइट गेली, तर काकांच्या इन्व्हर्टरवर पहिला हक्क तुमचा. पंखा त्यांनी बंद करावा.

आता समुद्र. भरतीची वेळ बघायला नेटशिवाय न उघडणारं अ‍ॅप घ्या. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती; अष्टमीला सहाच्या. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. हे गणित भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर जमतं, चार्जिंगही लागत नाही. असल्या गोष्टीवर विश्वास कोण ठेवणार?

ओहोटीला पुळणीवरची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळवंटातली, ओली वाळू टणक लागते. गाडी सरळ लाटांपर्यंत न्या. रील काढायचा आहे ना! फोन बंद असला तरी कॅमेरा त्यात धरत नाहीत. पुढे मऊ पट्टा लागून चाक रुतलं की अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. चाक वाळू मागे फेकत खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. चाकांतली हवा १५-१८ पर्यंत उतरवायची, चाकापुढची वाळू उपसायची, मॅट घालून हळूच पहिल्या गिअरमध्ये बाहेर काढायची, हे उद्योग तुमचे नव्हेत. पावसात काळ्या रानात फसलेली जीप तुम्ही चाकाखाली पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, घालून बाहेर काढता, हे इथे कुणाला कळायला नको. पुन्हा हवा भरायचा पंप तर घरीच राहिलाय.

पाणी चढायला लागलं की ट्रॅक्टरवाल्याला फोन करा. रेंज सड्यावर आहे, त्यामुळे पळायचं काकांच्या मुलाने. तुम्ही रिकाम्या डिकीत बसून लाटा मोजा.

गाडी निघाली की ट्रॅक्टरवाल्याला विचारा, “स्कॅनर आहे का?” तो रोखच मागेल, कारण पुळणीवर त्याचाही फोन चालत नाही. रोकड तर तुम्ही आणलेली नाही. मग दोघं मिळून सड्यावर चढा, पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याला येईपर्यंत तिथेच थांबा, आणि तेवढ्या वेळात रुतलेल्या गाडीचे फोटो चढवून घ्या.